या एकदा घरी, चहाला

भेटेल त्याला ‘या एकदा घरी, चहाला’ म्हणायची मला खोड आहे. मागे एका रॉंग नंबरलाही बोलावून बसलो होतो... मी पत्ता सांगायला लागल्यावर त्यानेच फोन ठेवला. भुताखेतांवर मात्र माझा काडीचा विश्वास नव्हता. असले किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, तेव्हा तुम्हीही माझी खुशाल करा.

गेल्या एप्रिलातला रविवार. पिंपळगाव बसवंतला मेहुण्याकडे गेलो होतो. स्कूटरवर द्राक्षांचा क्रेट बांधून निघालो, तर मेहुणा राजू म्हणाला, “दाजी, सर्व्हिस रोडला ते बंद कोल्ड स्टोरेज हाय ना, तिथं थांबू नका. एक हमाल आत राहिला अन् बाहेरून कुलूप लागलं. भर दुपारचाच दिसतो. लय खुन्नस हाय त्याला.”

असल्या उन्हात गारव्याला राहायला मिळालं तर खुन्नस कसली, असं मी म्हणालो. स्वतःच हसलो. राजू हसला नाही.

नेमकी तिथेच क्रेटची दोरी सुटली. गेटाच्या सावलीतून एक माणूस आला आणि न बोलता त्याने दोरीचं टोक धरलं. त्याची बोटं माझ्या हाताला लागली — चटका बसावा इतकी गार. गाठ बसली. मी सवयीने बोलून गेलो, या एकदा घरी, चहाला. वर इंदिरानगरचा पत्ता, तिसरा मजला, सगळं सांगितलं.

“उद्या येतो,” तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू सोडाच, साधी ओळखही नाही. बघण्यात नुसता राग.

ओझर मागे पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या उन्हात त्याच्या अंगात स्वेटर होता आणि डोक्याला कानटोपी. घरी काही बोललो नाही. हसं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ऑफिसात सुनीताचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा फोन. “तुमचे पाहुणे आलेत. नाव सांगत नाहीत, तुम्ही बोलावलंय म्हणतात. चहा गाळून ठेवलाय. पण या उकाड्यात स्वेटर काय घातलाय हो यांनी?”

दार उघडू नकोस, एवढंच मला म्हणता आलं. सेफ्टी डोअरला आतून कडी आहे, ती म्हणाली. तेवढ्यात मला फोनमधून त्याचा आवाज आला. “बोलावलं कशाला मग?” आणि लोखंडी दार कोणीतरी गदागदा हलवायला लागलं.

माझी बायको एरवी डॉक्टरांनाही उलटतपासणी घेऊन जेरीला आणते. तिचा आवाज कापत होता. “कडी वाकतेय हो... मी धरून ठेवलीय, पण हात बधिर झालाय.”

मी तिला फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही मी. सुरुवातही अशी केली की, अहो, आज जरा अडचण आहे...

“नीट बोला!” ती ओरडली.

“माझ्या घरी यायचं नाही,” मी म्हणालो. “मी बोलावलं ती माझी चूक. निघा.”

एक धडक बसली. मग काहीच नाही.

पंधरा मिनिटांत घरी पोचलो. वॉचमनने कोणालाही वर जाताना पाहिलं नव्हतं. कडी मात्र वाकलेली होती, आणि सुनीताचा तळवा बर्फ धरून ठेवावा तसा लालभडक. दाराशी तीच उभी होती, तिच्या बाजूने आत कोणी गेलेलं नव्हतं. तरी स्वयंपाकघरात ओट्यावर तिने भरून ठेवलेला कप रिकामा होता. बाहेरून दव धरलेलं, आणि हातात धरवेना इतका गार.

कडीचं एक वेळ समजू शकतो — कोणी माथेफिरू येऊन गेला म्हणा. कपाचं काय म्हणायचं, ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

मी सुनीताला कालचं सगळं सांगितलं. तिने तो कप फडक्यात धरून केराच्या डब्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी दार उघडलं नव्हतं. ते तुम्ही कालच पिंपळगावला उघडून आलात.”