लाइट लागल्यावर पन्नास किलोमीटर

देवावर नसेल इतका माझा विश्वास गाडीच्या रिझर्व्हवर होता. काट्याजवळचा पिवळा लाइट लागला तरी पन्नास किलोमीटर हमखास जाते, हे मी आमच्या धरमपेठेतल्या अर्ध्या लोकांना ऐकवून ठेवलं होतं. बायको म्हणायची, एक दिवस रस्त्यावर बसाल. मी हसण्यावारी न्यायचो. तो दिवस नेमका महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, सणाचा निघाला.

आमच्या लक्ष्म्या पिढ्यान्‌पिढ्या काटोलला मोठ्या काकूंकडे बसायच्या. आईनं चाळीस वर्षं तिथं जाऊन पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या, पण महापूजेचा पहिला दिवा लावायचा मान मोठ्या जावेचा. यंदा काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या आपणहून म्हणाल्या, आता तू ने. आई ते ऐकून आठ दिवस धड झोपली नाही. दुपारी दीडच्या आत लक्ष्म्या आमच्या घरात यायला हव्या होत्या. बाबा आणि बायको सगळं मांडून वाट पाहत होते.

आईला घेऊन काटोलला पोचता पोचताच लाइट लागला. येताना भरू, म्हटलं. उभा जन्म या घरात काढून घरचीच रीत विसरलो. दोन्ही पितळी मुखवटे लाल खणात गुंडाळून आई मागं बसली आणि पंप दिसला म्हणून मी गाडी वळवायला लागलो, तशी म्हणाली, "थांबू नोको गा. मांडीवर लक्ष्म्या असतांनी मधात थांबत नाहीत, अन् खालीही ठेवत नाहीत."

अस्सा राग आला मला! पण आरशात तिचा चेहरा दिसला, लग्नाला निघालेल्या पोरीसारखा, आणि मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. एसी बंद केला, वेग कमी केला आणि पन्नासाच्या जागी घरापर्यंतचे साठ किलोमीटर निघतील या भरवशावर निघालो. फेटरीच्या अलीकडे, घर पंधरा किलोमीटरवर असताना, गाडीनं दोन आचके दिले आणि गप झाली. पावणेएक वाजला होता.

आई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं खणाची गाठ घट्ट धरली आणि डोळे मिटले. मी हात करकरून थकलो, एक गाडी थांबेना. खरं सांगतो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी देवीजवळ काही मागितलं. म्हटलं, माय, आता माझ्या हातात काही नाही. माझ्या मस्तीपायी हिची चाळीस वर्षं वाया घालवू नको.

थोड्या वेळानं मोपेडवर एक बाई आली. चाळिशीची असेल, डोक्याला रुमाल, पायाशी कॅन. "पेट्रोल संपलं का जी भाऊ?" कपाशीवर फवारायच्या पंपासाठी ती पेट्रोल नेत होती. मी वर्तमानपत्राची सुरळी धरली आणि तिनं ते सगळं आमच्या टाकीत ओतलं. आई म्हणाली, "ये वं बाई, लक्ष्म्या पाहून घे."

बाई चार पावलं मागं सरली. "नाही माय. माह्ये मालक जाऊन तीन वर्सं झाले. माह्ये हात चालत नाही. सणाले कोणी बोलवत नाही, म्हणून तं वावरात चालली."

माझी आई, जिनं रीतीपायी पंपावर थांबू दिलं नव्हतं, तिनं गाठ सोडली आणि एक मुखवटा सरळ बाईच्या हातात दिला. "खाली ठेवायच्या नाहीत, इतकीच रीत हाये. तुह्या पेट्रोलनं लक्ष्म्या घरी चालल्या, अन् तुहेच हात काहून नाही चालत वं?"

बाई मुखवटा छातीशी धरून रडली. मीही रडलो, लपवत नाही. दीडला पाच मिनिटं कमी असताना आम्ही घरी होतो.

दुसऱ्या दिवशी आईच्या बोलावण्यावरून ती बाई जेवायला आली. पूजेच्या वेळी आईनं काडेपेटी उचलली आणि तिच्या हातात दिली. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पहिला दिवा आईनं त्या बाईच्या हातून लावला.

देवी धावली की बाई धावली, मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. अजून कोणी विचारतं, लाइट लागल्यावर गाडी किती जाते? मी सांगतो, तिनं थांबवायचं ठरवलं असेल तिथपर्यंत. टाकी मात्र आता अर्ध्यावर आली की भरतो. माउलीला तरी किती वेळा धावायला लावायचं?