स्मारकावरचे दोन राघो सोनू

आबांना मुंबईला आणलं त्या दिवशी घराला कुलूप लावण्यातच सकाळ गेली. आबांचं म्हणणं, पुढच्या दाराला कुलूप नको, नुसती कडी घाल. मी म्हटलं, कडी माकडंसुद्धा उघडतात. शेवटी कुलूप लागलं. आबांनी चावी शेजारच्या सुलोचनाकाकूच्या हातात दिली आणि दोनदा बजावलं, "कोण इचारीत इलो तर चेडवाचो नंबर दी." काकू, तू हे वाचशीलच; तू बरं म्हणालीस आणि माझा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलास. मला वाटलं, आबांच्या डोक्यात वीज मीटरवाला असेल. गाडीत बसल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मीच पाहिलं.

माझं स्वतःचं निघणं याच्या खूप आधीचं. कॉलेज संपवून वाकोल्याला मामाच्या खोलीत आले. माझ्याबरोबर तांदूळ, कुळीथ आणि आईचं एक वाक्य होतं: "खंयय रव, पण जेवणाच्या टायमाक कोण इलो तर परत धाडू नको." मामाकडे दहा बाय दहात सात माणसं होती. परत धाडायला काय, आत घ्यायलाही जागा नव्हती. पुढे साकीनाक्याला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात लागले, लग्न झालं, घाटकोपरला आमची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. आई गेल्यावर आबा गावी एकटे पडले. मी एकुलती एक, त्यामुळे कोणी न्यायचं याची चर्चाच नव्हती.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. वाडीत सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण आमची जी मुलं मुंबईत वाढतायत त्यांना नसेल.

आबांचे वडील, माझे आजोबा, राघो सोनू, मालवाहू बोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट बुडाली. आबा तेव्हा पाळण्यात होते. मुंबईहून माणूस आला, त्याने सांगितलं, राघो गेला. आजीने विचारलं, "बोट बुडाली ती बगलंस? मगे माणूस बुडालो तो कोणी बगल्यान?" आजीने कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत, आणि वाडीनेही पुढे तिला विचारलं नाही. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा हिरव्या साडीत, ओटी भरून गेली.

त्यामुळे आबा दर पितृपक्षात तिची अविधवा नवमी करतात. नवऱ्याआधी जी बाई जाते तिची ही नवमी. एका सवाशिणीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची. आणि ही नवमी नवरा जिवंत असेपर्यंतच करायची असते. तो गेला की ती बंद. आमच्याकडे ती कधी बंद झाली नाही. म्हणजे हिशेबाने माझे आजोबा अजून कुठेतरी आहेत. म्हणूनच म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, त्यांचं पान आमच्या घरी कधी वाढलं गेलं नाही. गावचे भटजी सगळं जाणून होते, त्यांची तिथी न विचारता मंत्र म्हणत.

यंदा म्हाळ मुंबईत करायचा ठरला. आबांना जावयाच्या घरी पितरांचं करायचा संकोच. माझा नवरा शांतपणे म्हणाला, "आबा, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. हॉल तिचा धरा, किचन आणि हप्ते माझे." आबा बऱ्याच दिवसांनी हसले.

मुलुंडहून भटजी आले. तरुण, स्कूटरवरून, नम्र. तिथ्या विचारत विचारत ते आजोबांपर्यंत पोचले.

"त्यांची तिथी?"

"नाय," आबा म्हणाले.

"म्हणजे आहेत अजून?"

"असतीत."

भटजींनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुमचंच वय पंच्याऐंशीच्या घरात आहे ना?"

"होय. ते माझ्यापेक्षा मोठे."

मी चहा आणायला आत गेले, कारण मला हसू येत होतं. बाहेर आले तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भटजी आवाज चढवत नव्हते, पण सरळ सांगत होते की आजोबा गेले असतील तर त्यांचं पान वाढा आणि आजींची नवमी बंद करा. असतील तर नवमी करा. दोन्ही चालणार नाही. विचार करून कळवा.

ते गेल्यावर आबा गॅलरीतल्या कबुतरांच्या जाळीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बापाशीक पान वाढलंय तर आवशीक रांडाव करूक होया. तीय ती मेल्यावर." मेलेल्या आईला विधवा करणं त्यांना जमत नव्हतं. पुढे म्हणाले, "आणि नाय वाढलंय तर माझ्यामागे तेका कोण वाढतलो?" उघड होतं, कोणी नाही. माझ्यानंतर तर हे नावही कुणाला आठवणार नाही. तेव्हा मला कळलं की घराच्या कुलपाची भीती मीटरवाल्यासाठी नव्हती, परत येणाऱ्या बापासाठी होती.

मला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगावी की नाही ते सुचत नव्हतं. आमच्या ऑफिसच्या कामाने मी गोदीत जाते. तिथून जवळ महायुद्धांत समुद्रात गेलेल्या व्यापारी बोटींवरच्या खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना ना कबर मिळाली ना चिता, त्यांची नावं तिथे धातूच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. इतकी वर्षं हातात फाइल, कानाला फोन, मी त्याच्यासमोरून गेले. लढाईत मेलेले म्हणजे बंदूकवाले, असंच माझ्या डोक्यात. कोळसा ओढणारे, दोर ओढणारे, बोटीच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटणारे आपले लोक त्यात असतील हे कधी डोक्यात आलं नाही. नाव तिथे निघालं तर आजीचं कुंकू माझ्या हातून पुसलं जाणार होतं. दोन दिवस मी गप्प राहिले, मग सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा धोतर नेसून, टोपी घालून तयार. "चल," एवढंच.

रविवार होता, टॅक्सीने गेलो. वॉचमनने विचारलं, किसको मिलना है? आबा म्हणाले, "हमारे पिताजी को." त्याने गेट उघडलं.

पत्रे डोक्याच्या वरपर्यंत गेलेले, कडांना हिरवे पडलेले. नावं इंग्रजीत, एकाखाली एक. आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचत गेले. अब्दुल, इब्राहिम, फर्नांडिस, गोपाळ, विठू. नाव आणि बापाचं नाव, बस. निम्मे लोक आपल्याच किनाऱ्यावरचे वाटत होते. एखादं नाव ऐकून आबा हुंकार देत, जणू ओळखीचं निघालं. मग मी वाचलं, राघो सोनू.

आबांचा चेहरा हलला नाही. "फुडे वाच," म्हणाले.

मी पुढे वाचू लागले. खालच्याच ओळीत पुन्हा राघो सोनू. मला वाटलं डोळे चुकले, म्हणून बोट लावून पाहिलं. तेच नाव दोनदा कोरलेलं होतं, म्हणजे दोन वेगळी माणसं.

"आपलो खयचो?" आबांनी विचारलं.

"गाव लिहिलेलं नाही, आबा. बोटीचं नावही नाही."

मग त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, आणि गावी घरोघरी जाऊन आवातण देतात त्या आवाजात बोलले: "अमावास्येक आमच्याकडे जेवक येवा. दोघांनीय येवा. गावचा घर बंद असा, थंय जाव नकात. घाटकोपराक येवा. चेडवाकडे. मेट्रोच्या टेशनाकडसून सरळ, चौदावो माळो. लिफ्ट असा."

वॉचमन आमच्याकडे बघत होता. बघू दे. मी तिथे उभ्या उभ्या रडले, आबा रडले नाहीत. टॅक्सीत मी विचारलं, दोघांना कशाला? म्हणाले, "एकट्याक कसा बोलवचा? दुसरो ऐकता मा." मग नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा आपणहून म्हणाले, "त्येतलो आमचो नसलो तर माझी आवस सवाशीणच रवली. असलो तर बापूस जेवलो."

भटजींना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "संशय आहे ना? मग करू दोन्ही." चांगला माणूस आहे.

नवमीला सवाशीण म्हणून शेजारच्या हेतलबेन आल्या. पाटावर बसून, वाटाण्याची उसळ आणि वडे मनापासून जेवल्या. ओटी घेताना त्यांनी विचारलं, कोणाची नवमी. मी आजीचं थोडक्यात सांगितलं. "बहोत लकी थी दादी," त्या म्हणाल्या. आबांनी ऐकलं. गावी कोणी असं म्हणालं असतं तर मला राग आला असता. आयुष्यभर वाट बघणाऱ्या बाईला कसलं लकी? पण आबांनी मान हलवली, आणि मी हेतलबेनच्या ओटीत नारळ घातला.

अमावास्येला हॉलमध्ये केळीची पानं मांडली. घाटकोपर मार्केटमधली पानं, गावच्या मानाने अरुंद आणि महाग. पणजोबांचं, पणजीचं, आईचं, आणि शेवटी राघो सोनूची दोन, शेजारी शेजारी. दोन्ही पानांवर आबांनी स्वतःच्या हाताने सारखं वाढलं, खीरसुद्धा बघून बघून. भटजींनी नाव दोनदा घेतलं.

सुलोचनाकाकू, तुझ्याकडे कोणी विचारत आलं तर नंबर दे, तो बदललेला नाही. पण मी आता लोकांना आमचं घर बंद झालं असं सांगत नाही. ज्या जागेचा पत्ता माझ्या बापाने त्याच्या बापाला दिला, तेच आमचं घर. तिथे लाल माती नाही, अंगण नाही, गॅलरीला जाळी आहे. मला अंगणाची आठवण येते, रोज येते, आणि तरीही.

पितरांची पानं झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. आबांनी दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. जेवताना लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली आणि कोणीतरी हेतलबेनकडे गेलं. आबांनी मान वर करून बघितलं, पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने लिफ्ट परत थांबली. या वेळी मीही बघितलं.