दुसऱ्या गावाचा अर्ज

शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून कामं करावीत म्हणून आमचं रायपूरचं ऑफिस मदत करतं. दीदी तिथल्या समन्वयक आणि मी त्यांची जीप चालवतो. काही बोलायच्या आधी त्या पेनाचं टोपण दोनदा काढून लावतात. आवाज कधी चढवत नाहीत.

अभनपूरकडच्या दोन पंचायतींनी मिळून पाण्याचा टँकर घेतला, पण तो रोज आधी कुठे जाणार यावर दोन्ही सरपंच अडून बसले. दीदींनी पेनाशी खेळून घेतलं आणि टँकर आधी आपल्याकडे यावा म्हणून दोघांनी दिलेले अर्ज अदलाबदल करून त्यांच्या हातात दिले.

"अब एक-दूसरे का पढ़िए. ज़ोर से."

दोघांतले म्हातारे सरपंच दुसऱ्या गावाचा अर्ज वाचू लागले. शाळेच्या हातपंपाला लाल पाणी येतं, पोरी घरून बाटली आणतात, इथवर आले आणि थांबले. मग म्हणाले, "पहले इनके स्कूल में."

दीदींनी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "हव दीदी, ये अब मेरे पास रहेगा."

परतताना मी विचारलं, "दीदी, हे तुमाले सुचते तरी कसं?"

"मी काय केलं? अर्ज तर ते वाचून राहिले होते," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

रायपुरात शिरल्यावर पंडरीच्या सिग्नलला बाजूच्या ड्रायव्हरने विचारलं, "किस साहब की गाड़ी है, भैया?"

मी काच पूर्ण खाली केली.

"हमारी दीदी की."