घेण्याआधीच भाड्याने दिलेली चाळ

गुन्हेगाराच्या डोळ्यांत रोखून पाहिले की सत्य आपोआप बाहेर येते, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. हिंगणघाटला ठाणेदार असताना मी एका बाईच्या डोळ्यांत बराच वेळ रोखून पाहिले. ती म्हणाली, "साहेब, तब्येत बरी नाई का तुमची?" पन्नासच्या दशकातले ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही.

एका जिनिंग कारखान्यातून मजुरीच्या पैशांची थैली नाहीशी झाली होती. चार दिवसांनी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. कारखान्यात कापूस निवडणाऱ्या एका विधवेच्या घरी अकराशे चाळीस रुपये आहेत, चौकशी व्हावी. पंचांसमक्ष झडती घेतली. धान्याच्या कणगीत डबा आणि डब्यात बरोबर अकराशे चाळीस. पंचनामा झाला, मुद्देमाल मालखान्यात गेला, बाईला ठाण्यात आणले. माझ्या मते प्रकरण जेवणाआधीच संपले होते.

"पैसे कुठले?"

"भाड्याचे."

"कुणाच्या घराचं भाडं?"

"माह्याच."

"घर कधी घेतलं?"

"घ्याचं आहे. शनवारी."

हवालदाराने लिहिणे थांबवले. "बाई, जे घर घेतलंच नाई, त्याचं भाडं कसं घेतलं तू?"

"मांगून," बाई म्हणाली.

मग तिने पदराच्या गाठीतून इसारपावती काढली. गावातल्या एका शेठजींची पाच खोल्यांची चाळ होती, कौले फुटलेली, कित्येक वर्षे रिकामी. चांदीचे गोठ विकून बाईने इसार दिला होता. उरलेली रक्कम त्या शनिवारपर्यंत देऊन खरेदीखत करायचे, नाहीतर इसार बुडाला आणि चाळ परत शेठजींची. ताबा मात्र तिने पहिल्याच दिवशी मागितला. तो देताना शेठजींना हसू आवरले नव्हते म्हणे.

बाईने भावाला घेऊन कौले चाळली. कापसाच्या हंगामात बाहेरगावचे व्यापारी जिनच्या ओसरीवर झोपत. त्यांना तिने चार खोल्या दिल्या आणि सगळ्या हंगामाचे भाडे आगाऊ घेतले. कमी पडले ते बायकांच्या भिशीतून उचलले.

"बँकेत नाही गेलात?" मी विचारले. तोवर मी 'तुम्ही'वर आलो होतो.

"गेलती. तो म्हने, गहान ठेवाले घर आहे का? म्या म्हनलं, घर असतं तं तुह्याकडं काऊन आली असती?"

मी पावती पुन्हा वाचली. बाकी रक्कम, अकराशे चाळीस. थैलीत यापेक्षा बरेच जास्त होते. मग चिठ्ठीवाल्याला हा आकडा कसा ठाऊक? तो पावतीवरच्या दोघांनाच ठाऊक होता, आणि बाई स्वतःविरुद्ध चिठ्ठी लिहिणार नव्हती. तो दिवस गुरुवार होता.

चारही व्यापाऱ्यांचे जबाब घेतले. एक म्हणाला, "पैसे मोजल्याशिवाय तिनं आमची पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही."

शेठजी गावातल्या बहुतेक सभांचे अध्यक्ष. चिठ्ठी समोर ठेवताच त्यांनी नागरिकाच्या कर्तव्यावर थोडे भाषण केले. मग खाली सही का केली नाही, असे विचारल्यावर आवाज उतरला.

"ठाणेदारसाहेब, माझ्याच चाळीच्या भाड्यातून ही मला चाळीची किंमत देऊन राह्यली. ही चोरी नाई तं काय आहे?"

मला कलम सापडेना.

पैसे बाईला परत करण्याचा मॅजिस्ट्रेटचा हुकूम शनिवारी दुपारी आला. डबा मी स्वतः सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेला. शेठजींनी सही केली, बाईने अंगठा उठवला. निघताना ती म्हणाली, "शेठजी, एक खोली खाली आहे अजून. लागली तं सांगजा."

थैलीचा चोर पुढे दुसराच निघाला. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलो होतो, पण भांडवल नसताना भांडवल उभे राहताना मी त्या एकदाच पाहिले, आणि आजही त्या अंगठ्यापुढे मान लवते. माणसापाशी काय आहे यापेक्षा त्याला काय दिसते, हे पाहायला मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या वर्षी मीही सिंदीला एका पडक्या घराचा इसार दिला. ठाणेदाराच्या घरात भाड्याने राहायला कुणी तयार झाले नाही. इसार बुडाला.