इंजिन गेलं. आता?

"इंजिन गेलं. आता?"

चहा घेणार का, असं विचारावं तशा सुरात मॅडम हे विचारायच्या. फक्त विमानात नव्हे; जीपमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, एकदा तर माझ्या तोंडात समोशाचा घास असताना. आपण लगेच बोट दाखवायचं, तिथे उतरेन म्हणून. गोंदियाजवळच्या धावपट्टीवर त्यांच्याकडे विमान शिकलेला कुणीही झोपेतसुद्धा बोट दाखवेल.

शिकवणं रोखठोक. वेग कमी झाला की नवशिका घाबरून दांडा पोटाशी ओढतो. नाक वर जातं, वेग आणखी मरतो आणि विमान खाली कोसळायला लागतं. मीही ओढायचे. "म्हैस आहे का ती? नाक खाली. आधी वेग, मग जागा."

पहिल्यांदा त्यांनी स्वतः करून दाखवलं तो दिवस विसरणं शक्य नाही. इंजिनाचा थ्रॉटल मागे घेतला आणि सगळा आवाजच गेला, नुसता वारा राहिला. दोन बोटांनी दांडा धरून त्या विमान गोल फिरवत खाली आणत गेल्या. इतक्या खाली, की डोक्यावर भारा घेतलेली एक बाई थांबून वर पाहताना दिसली. माणूस एवढं शांत राहू शकतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझं मात्र जागेपाशी अडायचं. खाली उन्हाळी धान हिरवागार उभा असायचा आणि मी बोट दाखवायचे ते पडीत जमिनीकडे. पडितात खुंट असतात, वारुळं असतात. धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, पाणी धरायला सपाट केलेली असते, हे मला कुणी शिकवायला नको. आमगावकडच्या धानवाल्याची पोरगी मी. पण उभ्या पिकात पाय घालू नये हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आता हसू नका, जीव जायची वेळ आली तरी बोट तिकडे वळेना.

"कुणाचं तरी वर्षाचं खाणं आहे, मॅडम," मी म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे सुटेपर्यंत लांबच्या फेरीवर मला एकटीला सोडणार नाहीत. फेरी नाही तर लायसन्स नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

रविवारी त्या मला घेऊन थेट आमच्या शेतावर आल्या आणि बाबांना विचारलं, उद्या ही तुमच्या उभ्या धानात विमान घेऊन उतरली तर?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कायले इचारता जी? धान त पुढल्या साली होते. पोरगी कोठून आनू?"

निघताना मॅडम दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, थांबून सहज म्हणाल्या, हा मध्ये नसता तर लांबी पुरली असती.

मग पावसाळा लागेपर्यंत आई फोनवर कुरकुरत राहिली, तुह्या बापाचं डोकं फिरलं, उन्हात माती खोदून राहिला. मी काही मनावर घेतलं नाही.

पावसाळा सरला, आभाळ मोकळं झालं. आमगावच्या वर मॅडमनी थ्रॉटल मागे घेतला. "इंजिन गेलं. आता?"

नाक खाली, वेग, मग जागा. खाली पाहिलं, तर आमची बांधी दुप्पट लांब! मधला धुराच नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत धान उभा होता.

"त्या धानात," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"आमचा."

त्यांनी वाकून पाहिलं. लोंब्या दिसायला लागेपर्यंत मला खाली येऊ दिलं आणि मग स्वतःच्या हाताने थ्रॉटल पुढे सारला. काळा चष्मा काढून पुसला. "लांबी पुरते. बाबांना सांग."

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. मॅडमनी खाली उतरून आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा स्वतः बांधला, सुटा राहून दांड्यात अडकू नये म्हणून. पूर्ण फेरीत माझी नजर तिकडे जात राहिली.

मॅडम आता दुसऱ्या राज्यात शिकवतात. धुरा गेल्यापासून बांधीत एका टोकाला पाणी साचतं, दुसरं कोरडं पडतं. आई दरवर्षी म्हणते, धुरा परत घाला.

"राहू दे व," बाबा म्हणतात, "मॅडमची बांधी होय ते."