चाळीस मायक्रॉनची चूक

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड फाटकावरच्या वॉचमनने माझ्या हातात दिलं, तेव्हा मी डबा घेऊन कँटीनकडे निघालो होतो. भास्कर निकमच्या पुतण्याने अमळनेरकडच्या गावाहून कारखान्याच्या पत्त्यावर लिहिलं होतं. काका सुट्टीवर गावी आले, छातीत दुखू लागलं, चार दिवसांत आटोपलं. पत्र पोचेपर्यंत दहावं-तेरावंही होऊन गेलं होतं. मी कार्ड खिशात घातलं आणि जेवायला बसलो. टेबलावर आठ-दहा जण होते. निकम गेला, असं म्हटल्यावर एकाने विचारलं, "कोण निकम?"... कारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाबद्दल.

इथे परराज्यात, कडोदऱ्याच्या रस्त्यावर, आमचा कारखाना कापडाच्या लूमसाठी लागणारे गिअरबॉक्स बनवतो. निकम आणि मी तपासणी खात्यात होतो. मी वर्ध्याकडचा, तो खानदेशातला. त्याची बायको गावी सासूला आणि शेताला सांभाळायची, हा डिंडोलीत एका खोलीत एकटा. त्याच्या हाताची खात्यात सगळ्यांना माहिती होती. व्हर्निअर लावला की त्याचं माप पुन्हा घ्यायला कोणी जात नसे. पंच्याण्णव साली कारखान्यात संगणकावर चालणारं मोजणीयंत्र, सीएमएम आलं, आणि ते चालवायला आम्हा दोघांना शिकवलं गेलं. खास वातानुकूलित खोली, काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, वरून उतरणारी बारीक सुई आणि तिच्या टोकाला लाल माणकाचा गोळा. सुईने भोकाच्या कडेला चार ठिकाणी स्पर्श करायचा, सॉफ्टवेअर त्याचा मध्य काढतं आणि शेजारचा प्रिंटर करकर करत कागद सोडतो. सकाळपाळीला एक, दुपारपाळीला एक, अशी ती खोली आमच्या दोघांची झाली.

तीन-चार महिने बरे गेले. मग निकमच्या पाळीत मापं चुकू लागली. रोज नाही. दोन दिवस सगळं ठीक, तिसऱ्या दिवशी अचानक दोन भोकांमधलं अंतर चाळीस मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या अर्ध्या जाडीने, जास्त. तोच नग पुन्हा ठेवला की माप बरोबर. चांगला माल रिजेक्ट झाला, आणि एकदा तर उलटं झालं. खराब नग पास होऊन गिऱ्हाइकाकडून परत आले. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. त्याच्यासमोर यंत्र दिवसभर शहाण्यासारखं वागलं. "ऑपरेटर की गलती है," एवढं लिहून तो गेला.

निकमने ते मनाला लावून घेतलं. त्याने एक वही केली. एसी कितीवर होता, कॉम्प्रेसर चालू होता का, शेजारच्या शेडमध्ये क्रेन फिरत होती का, लाइट गेली होती का... चूक आली की सगळं टिपून ठेवायचा. काहीच जुळत नव्हतं. एकदा पाळी बदलताना आपले तळवे पुढे करून तो म्हणाला, "वानखेडे, हात माझेच आहेत ना हे?" मी हसण्यावारी नेलं.

मग आमच्या मॅनेजरांनी, देसाईसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. निकम तिथेच उभा होता.

"तुम्हारी शिफ्ट में कभी आया ऐसा?"

"नहीं साहब. मेरे में तो एक बार भी नहीं."

यात खोटं काही नव्हतं. पण याचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे, हे पुढचं वाक्य मला येत होतं आणि मी ते बोललो नाही. ती थंडगार खोली मला हवी होती, हेही खरं. दुसऱ्या दिवसापासून निकम परत बाहेर शेडमध्ये, व्हर्निअरच्या टेबलावर. दुसऱ्या पाळीला नवीन माणूस ठेवेपर्यंत यंत्रावर मी एकटाच.

आठवडाभराने तो सकाळी सातला खोलीत आला. त्याची पाळी दुपारची होती. "बसू का?" म्हणाला आणि स्टूल ओढून कोपऱ्यात बसला. असा तीन दिवस बसला, माझं काम बघत. मला अवघडल्यासारखं झालं. वाटलं, माझी चूक पकडायला बसलाय. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो उठून माझ्याजवळ आला.

"तू थांबतोस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"प्रिंटर चालू झाला की तू चहा घेतोस. दारातून कोणाशी तरी बोलतोस. कागद पूर्ण बाहेर आला की मग पुढचा नग लावतोस. मी थांबत नाही. माझा नग तयारच असतो... मला कोणाशी बोलायचं असतं?"

त्याने माझ्या हातून कंट्रोल घेतला. प्रिंटर करकरत असतानाच पुढच्या नगाला सुई लावली. सहाव्या नगाला चाळीस मायक्रॉनची चूक आली. छपाई चालू असताना सॉफ्टवेअर मधूनच एखादा स्पर्श नीट वाचत नव्हतं, एवढंच होतं ते. ज्याचा हात जलद, त्यालाच ते सापडणार.

देसाईसाहेबांनी पाहिलं. म्हणाले, "अच्छा, तो प्रिंट होने तक रुको." काही महिन्यांनी कंपनीकडून सुधारलेल्या सॉफ्टवेअरची नवी फ्लॉपी आली. निकमला यंत्र परत मिळालं. माफी कोणी मागितली नाही. मीही नाही. पाळी बदलताना आम्ही कामापुरतं बोलायचो. डबा तो यंत्राच्या खोलीतच खायचा. रागावलेला कधी दिसला नाही. असता तर मला सोपं गेलं असतं.

पोस्टकार्डानंतर महिनाभराने निकमवहिनी डिंडोलीची खोली रिकामी करायला आल्या. त्यांच्या सांगण्यावरून घरमालकाने कारखान्यात फोन करून मला बोलावलं. रविवारी गेलो. गल्ली चार जणांना विचारावी लागली. सामान कितीसं असणार... एक ट्रंक, एक स्टो, एक ताट. वहिनींनी फळीवरून चिनी मातीचे दोन कप काढले, पुसले आणि चहा ठेवला.

"बसा ना. खिडकीपाशीच बसायचे ना तुम्ही?"

त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं.

"गावात दुकानावर यांचा फोन यायचा दर रविवारी. आज वानखेडे आले होते म्हणायचे, दोघांनी मिळून चहा घेतला, लई गप्पा झाल्या. मला मग घोर नसायचा. म्हटलं, परमुलखात एक माणूस तरी आहे त्यांना."

मी खिडकीपाशी बसलो. खाली कोणीतरी अंगणात कापडाचे ताके मोजत होतं. वहिनींनी कप पुढे केला आणि समोर जमिनीवर बसल्या.

"काय बोलायचे हो तुमच्याशी? मला सांगा ना."

मी एक घोट घेतला आणि सांगू लागलो.