बोटीवरची झोप

माझे सासरे, अण्णा, तरुणपणी मालबोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या तोंडात फावड्याने कोळसा घालायचं काम. नाशकात आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत त्या बोटीचं कौतुक रोज चालायचं. बोट म्हातारी, इंग्रज तिला मोडीत काढायला विसरले होते म्हणे. मुंबईहून कापूस न्यायचा, रंगूनहून तांदूळ आणायचा. "केवढी का लाट असेना, आमची बाई थांबायची नाही," अण्णा म्हणायचे. "तिच्याशीच लग्न करायचं होतं मग," मी म्हणायचे. पण दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो लागून ती बुडाली, हे मात्र ते एका वाक्यात उरकायचे.

बोटीवर त्यांचा एक जोडीदार होता, सटाण्याजवळच्या नामपूरचा. तो बुडाला, अण्णा वाचले. त्याच्या बायकोला त्यांनी बहीण मानलं. दर भाऊबीजेला लुगडं घेऊन जायचे. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये होते. दिवाळीच्या तोंडावर मैत्रिणीची मुलगी आजारी पडली, म्हणून तिची शिफ्ट मी घेतली. अण्णा असे भडकले की विचारू नका. "दुसऱ्याच्या पाळीला जायचं नाही!" माझंही डोकं फिरलं. "का नाही? कारण सांगा, नाहीतर ही मी निघाले."

तेव्हा अण्णांनी सांगितलं. बोट बुडाली तेव्हा पाळी अण्णांची होती. त्यांची दाढ सुजलेली. जोडीदार म्हणाला, तू झोप, मी जातो. टॉर्पेडो नेमका बॉयलरपाशी लागला. आणि आत्याबाईंना अण्णांनी काय सांगितलं होतं? तो झोपेतच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

"तिला तेवढंच बरं वाटेल म्हणून," अण्णा म्हणाले. "झोपलेला मी होतो. आता खरं सांगितलं तर माझी बहीण हातची जाते."

मी स्पष्ट बोलणारी बाई. "जाईल तर जाईल. तुम्ही पंच्याहत्तरीचे, त्या सत्तरीच्या. अजून किती भाऊबीजा खोट्यावर काढणार?"

त्या भाऊबीजेला मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसले. सटाण्याला ते परतीच्या गाडीची चौकशी करायला लागले. मला त्यांची कीव आली, पण परत फिरू दिलं नाही.

आत्याबाईंनी अण्णांना पाटावर बसवलं, निरांजन लावलं. ताट उचलणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब. आधी ऐक, मग ओवाळायचं का ते ठरव." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तो जागा व्हता?" आत्याबाईंनी विचारलं.

"जागा होता. काम करत होता. माझं काम."

आत्याबाई अशा उसळल्या की मी पिशवी उचलून तयारच राहिले. पण त्यांचा राग वेगळाच निघाला. मोसम नदीच्या पुरात पोहणारा गडी, आणि बोट बुडताना घोरत पडला! पन्नास वर्षं त्या नवऱ्यावर चिडून होत्या. सासरी त्यांना 'झोपाळूची बायको' म्हणून चिडवलं होतं. बाप गेला तेव्हा लेक वर्षाचा. त्याला असल्या बापाचं काय सांगायचं, म्हणून त्यांनी घरात बोटीचं नावच काढू दिलं नव्हतं. त्या अण्णांना वाट्टेल ते बोलल्या आणि बोलता बोलता रडल्या.

मग त्यांनी पन्नाशी उलटलेल्या लेकाला कांद्याच्या चाळीतून हाक मारून आणलं. अण्णा उठायला लागले तर खांदा दाबून पुन्हा खाली बसवलं.

"आता हाई मना पोऱ्याले सांग. सगळं सांग."

अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेजारणी आल्या, त्यांच्यासमोरही सांगायला लावलं. अण्णांचा आवाज बसला, तरी आत्याबाई सोडेनात. लेक मात्र जवळ सरकून बसला होता.

"बा कसा व्हता कामाला?" त्याने विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला," अण्णा म्हणाले.

निरांजन केव्हाच विझलं होतं. आत्याबाईंनी ते पुन्हा लावलं आणि भावाला ओवाळलं.